पूर्ण हजेरीची पिशवी

आमच्या कासारवाडीच्या घरात माळ्यावर एक शाल आहे. जांभळी, जरीच्या काठाची, सत्कारानंतर प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न आलेली. अशी शाल पांघरायची नसते. ती खांद्यावर टाकून फोटो काढायचा असतो आणि फोटो झाला की घडी करून घरी न्यायची असते. तिच्यासोबत मिळालेल्या नारळाच्या वड्या आम्ही त्याच आठवड्यात संपवल्या. शाल उरली. या अंकाच्या संपादकांनी ‘आपल्या क्षेत्रातल्या यशाबद्दल लिहा’ असं कळवलं तेव्हा मी माळ्यावर चढून ती खाली काढली, कारण माझ्या क्षेत्रातलं दाखवता येण्यासारखं यश तेवढंच आहे. ती कशाबद्दल मिळाली ते सांगतो. संपादकांना हवं होतं ते हे नसेल, तर त्यांनी खुशाल छापू नये.

मी शेंगदाण्याचा केमिस्ट. चाकणच्या पुढे एका कारखान्यात सगळी नोकरी केली. हा कारखाना शेंगदाणे निवडून, वर्गवारी करून परदेशी पाठवायचा. आमच्या बसथांब्यावर सकाळी उभी असलेली निम्मी माणसं गाड्यांचे भाग बनवायची आणि उरलेली त्या भागांचे भाग. त्यांच्यात मी शेंगदाणे तपासतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे: “खाऊन?”

खाऊन नाही. म्हणून हा धंदा आधी थोडा समजावून सांगायला हवा.

शेंगदाण्यावर एक बुरशी येते. शेंग जमिनीत असताना शेवटच्या दिवसांत पाणी तुटलं की ती तिथेच शिरते. काढणीनंतर शेंगा नीट वाळल्या नाहीत किंवा गोदामात ओल धरली, की तिथे वाढते. हिरवट-पिवळी, भुकटीसारखी असते. बुरशीचं एवढं काही नाही, ती मागे जे सोडून जाते ते वाईट. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि भाजा, उकडा, तळा, ते पुरतं जात नाही. एकदम जास्त पोटात गेलं तर माणूस लगेच आजारी पडतो, जीवही जातो. थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर बहुतेकांना काहीच कळत नाही. मग त्यातल्या एखाद्याला यकृताचा कॅन्सर होतो आणि त्या वेळी शेंगदाण्याची आठवण कुणालाच येत नाही. गाईला असली पेंड घातली तर ते दुधात उतरतं. मोजायचं ते अब्जाच्या मापाने. सोसायटीच्या मोठ्या टाकीत कुणी चिमूटभर मीठ टाकावं आणि तुम्हाला ते शोधायला सांगावं, साधारण तसं.

त्यातही खरी गोम अशी की हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे निर्मळ असतात आणि मधेच एखादा असा की त्याच्या एकट्याच्या पायी अख्खा लॉट बाद व्हावा. म्हणून आमच्याकडे मशीनपेक्षा नमुन्याला महत्त्व. नमुना काढायला परखी असते. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार लोखंडी नळी. ती आत गेली की पन्हळीतून दाणे हातावर येतात. नियम असा की थप्पीच्या वरून, खालून, मधून, आतून, सगळीकडून परखी मारायची, ते सगळं एकत्र दळायचं आणि मग तपासायचं.

माल विकणाऱ्यांना परखी कुठवर पोचते ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. एक व्यापारी स्वतः ट्रकबरोबर यायचा. “साहेब, कुठूनही घ्या, आपला माल म्हणजे आरसा,” असं म्हणत तो नेमका थप्पीच्या एका अंगाला उभा राहायचा. मी दुसऱ्या अंगाला वळलो की त्याच्या आईचं दुखणं निघायचं, चहा यायचा, ड्रायव्हर घड्याळ दाखवायचा. आतली पोती काढायची तर हमालांना अर्धी थप्पी उतरवावी लागणार, बाहेर ऊन, चाकणच्या चौकात गाड्या तुंबलेल्या. मी बाहेरच्या पोत्यांना परखी मारायचो आणि ‘सर्व थरांतून’ असं लिहून सही करायचो. अशा किती सह्या केल्या ते मला आठवत नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे येणार आहे ते अचानक घडलं असं वाटणार नाही.

आलेला माल आधी मशीनमधून जायचा आणि मग पट्ट्यावर. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसत. सुरकुतलेला, डागाळलेला, फुटका, रंग उतरलेला दाणा उचलून बाजूच्या घमेल्यात टाकत. त्याला निवडण म्हणायचं. पट्टा सुरू झाला की पुढ्यातून दाण्यांची नदी वाहते. नवीन बाईला पहिल्या दिवशी गरगरतं. जुन्या बायका मात्र सुनेच्या तक्रारी सांगता सांगता दाणे उचलत.

त्यांच्यात मंगलाताई पहिल्या. परभणीकडच्या. नवरा, शेषराव, भोसरीला पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कामाला, राहायला रहाटणीत दोन खोल्या, एक मुलगा, एक मुलगी. पट्ट्याच्या सुरुवातीला, जिथे काम सगळ्यांत कठीण, तिथे त्या आपण होऊन बसायच्या. एकदा त्यांची परीक्षा बघावी म्हणून मी वरच्या बाजूने गुपचूप वीस खराब दाणे मोजून सोडले. थोड्या वेळाने त्यांनी पट्टा थांबवला, माझ्याकडे आल्या आणि माझ्या हातावर दाणे ठेवले. एकवीस भरले. “एक तुमच्याच्यानं राहिला होता, डॉक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. पट्ट्यावरच्या बायका महिनाभर माझ्याकडे बघून हसत होत्या.

डॉक्टर मी नव्हतो. पांढरा कोट घालून फिरतो, काचेच्या नळ्या हाताळतो, म्हणून बायका डॉक्टर म्हणायच्या. मी कधी दुरुस्ती केली नाही. चुकीचं वाटायचं, पण वाईट वाटायचं नाही.

आता शालीकडे येतो. लग्नसराई आली, गावाकडे पेरण्या आल्या, की पट्ट्यावरची हजेरी अर्ध्यावर यायची. बैठक बसली. आमचे मोठे साहेब पडद्यावर आलेख दाखवण्यात तरबेज होते. आलेख खाली जात होता हे आम्हाला दहा निरनिराळ्या रंगांत दिसलं. निवडण तेव्हा तेलाच्या घाण्याला जायची. उचलायला त्याची गाडी वेळेवर यायची नाही आणि पोती आवारात पडून राहायची. मी म्हणालो, पूर्ण हजेरी असेल तिला महिन्याअखेर निवडणीची तीन किलोची पिशवी द्यावी. काळे आणि उघड बुरसटलेले दाणे काढून टाकू. बाकीचे कुटाला, चटणीला चालतील. हजेरीही सुधारेल आणि आवारही मोकळं होईल.

साहेबांना कल्पना इतकी आवडली की तिला त्यांनी नाव ठेवलं: ‘पूर्ण हजेरी, पूर्ण पोषण’. फलक रंगवून घेतला.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची इथे सोय आहे. माझ्या कपाटात एक जाडजूड पुस्तक होतं. निवडून बाजूला काढलेल्या दाण्यांत विष मूळ मालापेक्षा कितीतरी अधिक असतं, असा त्यात एक परिच्छेद होता. तो मी वाचला होता. त्याच्याखाली माझ्याच पेन्सिलीची रेघ होती. साधं आहे. पट्ट्यावर आम्ही माल स्वच्छ करत होतो म्हणजे काय करत होतो? शंभर पोत्यांतलं विष वेचून दोन पोत्यांत गोळा करत होतो. चांगली पोती बोटीवर चढायची. उरलेली दोन माझ्या कल्पनेने रहाटणीला, काळेवाडीला, पुनावळ्याला जायला लागली.

पहिल्या महिन्याला पिशव्या वाटल्या तेव्हा मंगलाताईंनी पिशवीत हात घातला, मूठभर दाणे काढून तळव्यावर फिरवले आणि मला विचारलं, “डॉक्टरसाहेब, दिवसभर आम्ही हे बाजूला काढायलोत. अन् हेच घरी न्यावं?”

मी हसलो. “अहो, गोऱ्यांना रंग लागतो. दिसायला वाईट, खायला एक नंबर. मी सांगतोय ना.”

त्यांनी माझ्या कोटाकडे एकदा पाहिलं. “तुम्ही म्हणता तर मग काय,” म्हणाल्या, आणि मागच्या बायकांना सांगितलं, “न्या गं, डॉक्टरांनी सांगितलंय.”

योजना सहा वर्षं चालली. नियम कडक होता. महिन्यात एक खाडा झाला तरी पिशवी नाही. म्हणजे जी बाई तापलेलं पोर शेजारणीवर टाकून आली तिला ती मिळाली आणि जी पोराजवळ थांबली तिला मिळाली नाही. मंगलाताईंची सहा वर्षांत एकच पिशवी चुकली, सासूच्या दिवसांत. आमच्या घरी मात्र मी निर्यातीच्या मालातले दाणे विकत आणायचो. का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर सवयीने, असं म्हणालो असतो.

तिसऱ्या वर्षी अन्नसुरक्षा सप्ताहात सत्कार झाला. दारात शेंगदाण्यांची रांगोळी. दीपप्रज्वलन पंख्याच्या वाऱ्याने दोनदा फसलं, तेव्हा पंखे बंद करून पाहुण्यांना घामाघूम करण्यात आलं. पाहुणे कुठल्याशा महासंघाचे होते. ते वीस मिनिटं स्त्रीशक्तीवर बोलले आणि समोर बसलेल्या स्त्रियांचा तेवढा पट्टा बुडाला. मग सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली की आम्ही देत असलेलं अन्न निर्धोक असेल. मीही घेतली. शाल खांद्यावर आली. मंगलाताईंनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, हे मला फोटो न पाहताही आठवतं.

सहाव्या वर्षी एका परदेशी ग्राहकाने आपली तपासनीस बाई पाठवली. अशा पाहुण्यांना काय दाखवायचं हे ठरलेलं असतं: नवीन रंगवलेल्या भिंती, हात धुण्याच्या सूचना, आणि बेसिनजवळ त्या दिवसापुरता साबण. बाईंनी ते सगळं पाहिलं आणि निवडण कुठे जाते असं विचारलं. साहेबांनी अभिमानाने फलक दाखवला. मी तो इंग्रजीत समजावून सांगितला. बाईंनी वही उघडली. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही ते तपासलं आहे का. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात तपासायला घेणार आहोत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

सहा वर्षांत मी निवडणीचा एकही नमुना तपासला नव्हता. तपासणीचं सामान महाग आणि निवडण कुणी विकत घेत नव्हतं. जे विकायचं नाही ते तपासायचं नाही, असा आमचा साधा हिशेब होता.

त्याच दुपारी वाटायला ठेवलेल्या पिशव्यांतून नमुना घेतला. या खेपेला सगळ्या थरांतून. दळला, अर्क काढला, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरला. हे विष त्या दिव्यात निळं चमकतं. एरवी ती निळी झाक डोळे ताणून शोधावी लागते. त्या दिवशी मी पाहिलं आणि दिवाच बंद केला. मशीनला दिलं, तर मशीनने आकडा दाखवायचं नाकारलं. मर्यादेबाहेर, एवढंच. दहापट पातळ केलं. पुन्हा तेच.

साहेबांनी कागद वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बंद करून टाका. पण आवाज न करता. तुम्ही समजदार आहात.” समजदार म्हटलं की मी विरघळायचो, हे त्यांना माहीत होतं. बायकांना खरं सांगू या, असं मी म्हणालो का? नाही. त्यांनी मला गप्प बसवलं असं सांगता आलं असतं तर या लेखाला जरा बरं रूप आलं असतं. पण गप्प बसवण्याची वेळ मी त्यांच्यावर आणलीच नाही.

पुढच्या महिन्यापासून पूर्ण हजेरीला स्टीलचा डबा द्यायचं ठरलं. फलकावर ‘पोषण’च्या जागी ‘सन्मान’ आलं. बायका चिडल्या. मंगलाताई लॅबच्या दाराशी आल्या. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलल्या.

“डॉक्टरसाहेब, रिकाम्या डब्याला काय करावं? ह्यांना रोज भाकरीसंगं शेंगदाण्याची चटणी लागती. साठवलेलं एक पिंप हाय अजून घरात. ते सरलं की काय?”

मी म्हणालो, “वरून आदेश आहे, मंगलाताई. माझ्या हातात नाही.”

पिंपाबद्दल मी काही बोललो नाही. ‘ते फेकून द्या’, हे तीन शब्द होते. त्यांना खर्च नव्हता, परवानगी लागत नव्हती, आसपास ऐकायला कुणी नव्हतं. त्या दोन मिनिटं उभ्या होत्या, मग पट्ट्याची घंटा झाली आणि गेल्या. योजना मी अज्ञानात सुरू केली असं एखादा दयाळू माणूस म्हणेलही. पिंपाचं तसं म्हणता येणार नाही. तेव्हा आकडा माझ्या खिशात होता. आकडा म्हणजे, ‘मर्यादेबाहेर’ एवढा शब्द.

पुढे मी निवृत्त झालो. निरोप समारंभात माझ्या सचोटीवर तीन भाषणं झाली.

गेल्या वर्षी रहाटणीच्या भाजीबाजारात मंगलाताई भेटल्या. त्यांनीच ओळखलं. पट्टा सुटून त्यांनाही बरेच दिवस झाले होते. घरचं विचारलं तर हातातली पिशवी खाली ठेवली. शेषराव अंथरुणावर होते. पोटात पाणी झालं म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं, तर लिव्हरला गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरने पहिला प्रश्न केला, किती वर्षं पिता? मुलगा, किरण, शेजारी उभा होता.

“ह्यांनी जल्मात सुपारीचं खांड नाई खाल्लं, डॉक्टरसाहेब. पण आता गल्लीत सगळे तेच म्हणायलेत. लपून पीत असंल म्हणे. दारूबिगर लिव्हर जातंय का म्हणे. पोरगं बापासंगं बोलंना गेलंय. दवाखान्यात नेतंय, आणतंय, औषध आणतंय, पर बोलत नाई. ह्यांना दुखण्याचं काई नाई, त्याचंच लागलंय.”

मी विचारलं, आणखी काय निघालं तपासणीत. ‘हिपॅटायटिस बी’, म्हणजे कावीळ बी, निघाली होती. कुणी धड समजावून सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, काळजी घ्या, भेटून जाईन. मेथीची जुडी घेतली आणि घरी आलो.

नंतरचे बारा दिवस मी जुनी पुस्तकं काढून वाचत बसलो. एका माणसाच्या बाबतीत अमुक कारणाने अमुक झालं असं कुणी सिद्ध करू शकत नाही. कावीळ बी एकटीही हे करू शकते. शेषरावांनी किती खाल्लं याची नोंद नाही. प्रत्येक पिशवीत किती होतं याचीही नाही. सगळं खरं होतं. शास्त्राचा इतका काटेकोर वापर मी नोकरीत कधी केला नव्हता. पण त्याच पुस्तकांत हेही लिहिलेलं होतं की कावीळ बी असलेल्या माणसाच्या पोटात हे विष जात राहिलं तर धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, अनेक पटींनी वाढतो. त्याच्याखाली मात्र मी रेघ मारली नव्हती.

बाराव्या दिवशी बायकोने विचारलं, तुम्ही कुणाची परीक्षा द्यायला बसलाय? तिला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “आपल्या घरी कधी आणली नव्हतीत ती पिशवी.”

मी गुरुवारी गेलो. एमआयडीसीला सुट्टी असते, म्हणजे किरण घरी असणार. तो चाकणला गाड्यांच्या कंपनीत लाइनवर आहे. बाहेरच्या खोलीत मंगलाताई मेथी निवडत बसल्या होत्या. आतल्या खोलीत कॉटवर शेषराव. दार उघडं होतं, त्यांचे पाय दिसत होते. किरण मोबाइलमध्ये बघत खिडकीत उभा.

मी चहा नको म्हणालो आणि सांगायला सुरुवात केली. पुस्तकातला परिच्छेद, सहा वर्षं, तपासनीस बाई, निळा दिवा, डबा. मंगलाताईंचे हात थांबले नाहीत. पान इकडे, देठ तिकडे. माझं संपलं तेव्हा त्यांनी शेवटची काडी निवडली.

“मी तवाच विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“तुम्ही हसला होता.”

“हो.”

“अन् पिंपाचं बी विचारलं होतं.”

त्यावर हो म्हणायला मला वेळ लागला.

“पोरं ती चटणी खात नव्हती,” त्या म्हणाल्या. “कडू लागती म्हणायची. मी बी मग निवडणीतली निवडण काढायचे, जरा बरं बरं घ्यायचे. ह्यांचं म्हणणं, अन्न हाय, टाकायचं नाई. मी काढून ठेवलेलं बी हेच खायचे.”

किरण खिडकीपासून पुढे आला. “म्हणजे पप्पा…” एवढंच म्हणाला. मी सांगितलं, यकृत जायला दारूच लागते असं नाही. कावीळ बी आहे, त्यात सहा-सात वर्षं रोज हे. नक्की यानेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि दुसरं कुणीही सांगू शकणार नाही. पण कारण शोधायला दारूपर्यंत जायची गरज नाही. आणि तुम्ही तिघांनी कावीळ बीची तपासणी करून घ्या, नसेल तर लस घ्या. हे आजच्या आज.

त्याने मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, “सर, हे तोंडी झालं. गल्लीत माझ्या बापाचं नाव गेलंय. मी पण त्यांच्यातलाच. तुम्ही लिहून द्या. सही करून.”

बहिणीच्या वहीतला कागद त्याने फाडून दिला. मी लिहिलं. नाव, हुद्दा, योजना माझ्या सूचनेवरून सुरू झाली, निवडण न तपासता वाटली, तपासली तेव्हा मर्यादेबाहेर निघाली, कळल्यावरही संबंधितांना सांगितलं नाही. खाली सही. किरण कागद घेऊन आत गेला आणि कॉटजवळ बसून त्याने तो वाचून दाखवला. बापाशी तो किती महिन्यांनी बोलत होता ते मला ठाऊक नाही. बोलला तोही माझीच वाक्यं.

आतून शेषरावांचा आवाज आला, अगदी बारीक. “मी पीत नव्हतो, हे लिवलंय का त्यात?”

लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं तेवढंच मी लिहिलं होतं. किरण कागद घेऊन बाहेर आला आणि त्याने तो माझ्यापुढे ठेवला. शेषरावांना मी आयुष्यात दोनदा भेटलो असेन, तेही फाटकापाशी. मी सहीच्या खाली लिहिलं: ‘श्री. शेषराव यांनी कधीही दारू प्यायलेली नाही.’ आणि पुन्हा सही केली. नमुना न घेता मी आधीही सह्या केल्या आहेत. त्या सगळ्यांत ही एक बरोबर असणार, याची मला खात्री आहे.

निघताना मंगलाताई दारापर्यंत आल्या. “पट्ट्यावर आम्ही सतराजणी होतो,” म्हणाल्या. “नावं सांगते, लिहून घ्या. एक बी राहू देऊ नका.” आणि त्यांनी बसायच्या क्रमाने सोळा नावं सांगितली, पट्ट्याच्या एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची, कोण कुठे राहायला गेली त्यासकट. दहाव्या नावाला मी अडखळलो तर त्या थांबल्या आणि मी लिहून होईपर्यंत पुढचं नाव सांगितलं नाही.

शेषराव दिवाळीच्या आधी गेले. तो कागद किरणने लॅमिनेट करून घेतला आहे, असं कळलं. कुणाला दाखवला ते मी विचारलं नाही.

सोळांपैकी अकरा घरं झाली. सगळीकडे तेच सांगतो आणि तपासणीचा पत्ता लिहून देतो. एकीने दार लावून घेतलं. एकीच्या नवऱ्याने पोलिसात जायची भाषा केली. मी म्हणालो, जरूर जा, आणि माझा पत्ता दिला. अजून तरी कुणी आलेलं नाही. मागच्या आठवड्यात पुनावळ्याला गेलो होतो. आता तिथे सगळे टॉवर आहेत. त्यांच्यातल्या एका टॉवरमध्ये यादीतली एक बाई चार घरी स्वयंपाक करते आणि मागे पत्र्याच्या खोलीत राहते. तिने मला खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकलं, पत्ता नीट घडी करून ठेवला. मग उठून आत गेली आणि स्टीलचा एक डबा आणून माझ्यासमोर ठेवला. त्यावर कंपनीचं नाव कोरलेलं होतं आणि खाली ‘पूर्ण हजेरी, पूर्ण सन्मान’.

“ह्याच्यात तर काही नाही ना, डॉक्टर?” तिने विचारलं. “पोरीला रोज ह्यात डबा देते.”

मी डबा हातात घेऊन आतून-बाहेरून पाहिला.

“डबा चांगला आहे, ताई,” मी म्हणालो. “पण मी डॉक्टर नाही.”